देव डोंगरात असतानाचे तीस दिवस

मार्गशीर्ष लागला की आमच्या इमारतीत दर गुरुवारी सकाळपासून धांदल उडते. घट मांडायचा, पाच फळं आणायची, संध्याकाळी हळदीकुंकवाला बोलवायचं. मला त्या पूजेशी देणंघेणं नाही, आमच्या घरात ती कधीच नव्हती. पण बोलावणं आलं की मी जाते, हातावर ठेवलेलं केळं घेते आणि जिना चढून परत येते. शेजारधर्म म्हणून एवढं चालतं. घरी येऊन खुर्चीत टेकले की थंडीने बोटं आखडलेली असतात, आणि मग कानात पावरी वाजायला लागते. पावरी म्हणजे भोपळ्याचं आणि शिंगाचं एक लांबलचक वाद्य. त्याचा आवाज मधुर वगैरे नाही. एकदा कानात शिरला की दिवसभर निघत नाही, इतकंच.

यंदा त्यात भर घातली शेजारच्या प्राचीने. प्राची वकील आहे, गुणी मुलगी आहे, फक्त तिला प्रत्येक गोष्ट आजच्या आज हवी असते. दुपारी आली ती हातात कागदांची चळत घेऊन. "काकू, पर्यावरणाच्या नियमांचा नवा मसुदा आलाय. प्रकल्पाच्या आधी परिणामांचा अहवाल कसा करायचा, गावांना कसं विचारायचं, त्याचा. आदिवासी गावांपर्यंत पोचवायचाय. तुम्ही यातच नोकरी केलीत, मराठी जरा सोपं करून द्या ना."

चष्मा लावला, वाचायला घेतलं. चौथ्या पानावर ते वाक्य भेटलं. दिलेल्या मुदतीत हरकत प्राप्त न झाल्यास हरकत नाही असे गृहीत धरण्यात येईल. शब्द थोडे इकडेतिकडे झालेत, पण वाक्य तेच. मी त्याला ओळखते. चाळीस वर्षांपूर्वी मी त्याचं इंग्रजीतून मराठी केलं होतं.

तेव्हा मी नाशिकला एका सरकारी कचेरीत लघुलेखक होते. ऐंशीचं दशक नुकतंच लागलेलं. राहायला सातपूरला, नवरा कारखान्यात पाळीवर, मी सकाळी बसला लोंबकळत शहरात. 'पर्यावरण' हा शब्द कचेरीत नवाकोरा होता. शिपायाला तर तो उच्चारताही येत नसे, तो त्या फायलीला 'हवापाण्याची फाईल' म्हणायचा. मला अजून वाटतं की त्याचंच नाव जास्त बरोबर होतं. वरून इंग्रजीत एक मसुदा आला. धरण, खाण, कारखाना काहीही उभारण्याआधी तिथल्या जमिनीवर, पाण्यावर, माणसांवर काय परिणाम होईल ते आधी तपासावं, असे नियम करायचे होते. आणि या नियमांवर आदिवासी बांधवांचं मत घ्यावं, असंही सोबतच्या पत्रात होतं. मला ते वाचून खरोखर आनंद झाला होता. विचारतायत तरी, असं वाटलं होतं.

माझे वडील येवल्याकडच्या एका खेड्यातले. गावची बैठक चावडीवर बसायची तेव्हा आमची माणसं खाली, उकिरड्याच्या बाजूला उभी असायची. आत काय ठरलं ते नंतर कोणीतरी ओरडून सांगायचं. मला नोकरी लागली त्या दिवशी वडील म्हणाले होते, "जिथं लिहितात तिथं तू बसणार. आता आपल्याला बाहेरून ऐकायला नको." ते फार बोलणारे नव्हते, म्हणून हे वाक्य लक्षात राहिलं. पुढे ते मला टोचायला लागलं.

मी पंधरा दिवस शब्दकोशाशी झटापट करून मसुदा मराठीत आणला. 'बाधित', 'उपशमन', 'गृहीत धरण्यात येईल'. ते वाचून आमचे सामंत साहेब म्हणाले, "साळवेबाई, मराठी उत्तम झालंय. आता याचं मराठी कोण करणार?" साहेब असे अधूनमधून खरं बोलत. निवृत्तीला काही महिने उरलेले, रक्तदाब वाढलेला, कोणाचं वाईट चिंतणारा माणूस नव्हे. त्यांना फक्त प्रत्येक फाईल टेबलावरून पुढे सरकलेली बघायला आवडायची.

नमुन्यादाखल एक गाव निवडलं होतं, पेठ गावाच्या पलीकडे, घाट उतरून पुन्हा चढून गेल्यावर येणारं, कोकणा आदिवासींचं. गावाखालच्या ओढ्यावर धरण होणार होतं आणि भिंतीसाठी दगड गावामागच्या डोंगरातून काढायचा होता. तेव्हा नियमांवरही मत घ्यायचं आणि धरणावरही, एका दगडात दोन पक्षी. स्त्रियांचं मतही घ्यावं असं पत्रात होतं, म्हणून मला जीपमध्ये मागे बसवलं. नाहीतर लघुलेखक म्हणून आमच्याकडे पुरुष होते.

तो डोंगर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. धुकं अर्धं उतरलं होतं. पायथ्याच्या उतारावर खुरासणीचं पीक कापून झालेलं, खळ्यांवर नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं पसरलेली. थंडीत वाळल्या गवताचा आणि धुराचा वास. कुठूनतरी ती पावरी चाललेली, सारखी, न थांबता. त्या रस्त्याने गाडी नेमकी कुठवर जाते हे कोणालाच माहीत नसल्याने आमचा ड्रायव्हर रज्जाकभाई दर वळणाला "या अल्लाह" म्हणत होता. मला मात्र तो डोंगर बघून उगाच बरं वाटलं. तसा काही उंच नव्हता. गावाला पाठ टेकायला असावा एवढाच.

सभा पिंपळाखाली झाली. साठेक पुरुष जमले असतील. त्यातले बरेच जण एका बाजूला, वेगळे, घोंगड्या पांघरून बसलेले. ते डोंगऱ्यादेवाच्या व्रताला बसले होते. मार्गशीर्षात काही दिवस ते घरी जात नाहीत, उघड्यावर राहतात, एकदा जेवतात, थंड पाण्याने अंघोळ करतात आणि पौर्णिमेला डोंगरावर देवाकडे जातात. त्यांच्यात सगळ्यांत वडीलधारे होते लहानूबाबा. गाव त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायचं.

साहेबांनी मसुदा समजावला. खरं सांगायचं तर चांगला समजावला. शेवटी म्हणाले, "आता तुमचं काय म्हणणं? कोणाची काही हरकत?"

पावरी चालू. एकाने बिडी विझवली. मग लहानूबाबा म्हणाले, "साहेब, तू आमाला इचारायला आलास, चांगला केला. पण आता देव डोंगरात आहा. देव डोंगरात असला तं डोंगराचा बोलायचा नाय. मग बोलूं."

त्यांच्या बोलीत साहेबालाही 'तू'च. सामंत साहेबांना त्याचं काही वाटलं नाही, उलट ते हसले. "जरूर, जरूर. मग बोला. तीस दिवस आहेत."

लहानूबाबांनी मान डोलावली. बाकीच्यांनीही. सभा संपली. माझ्या वहीत लघुलिपीच्या चार ओळीसुद्धा झाल्या नव्हत्या.

साहेब पोलीस पाटलाकडे चहाला गेले आणि मी बायकांचं मत घ्यायला खळ्यावर. तिथे पाच-सहा जणी नागली झोडपत होत्या. त्यांत लहानूबाबांची बायको, मैनाबाई. साठीला आलेली, हातभर कांकणं, एक डोळा थोडा झाकलेला. मी वही उघडली तशी ती म्हणाली, "आधी बस. हातात काय तं घे, मग इचार. रिकाम्या हाताच्या बाईशी काय बोलायचा?" मी एक काठी घेतली. चार फटक्यांत माझ्या तळहाताला फोड आला आणि त्या सगळ्या मनसोक्त हसल्या. मीही हसले. नंतर त्यांनी नागलीची भाकर आणि उडदाचं कालवण दिलं. इतकं तिखट की डोळ्यांतून पाणी काढून खाल्लं.

निघताना मैनाबाईने मला विचारलं, "तो साहेब बोलला, तीस दिस. पुनवंला देव उतरंल. मग आमचा पयला दिस. बरोबर?"

मला त्या क्षणी कळलं होतं. हे मी अगदी स्पष्ट लिहिते आहे, कारण आजवर कोणाला सांगितलेलं नाही. साहेबांचे तीस दिवस त्याच सकाळपासून सुरू झाले होते आणि गावाचे तीस दिवस देव डोंगरावरून उतरल्यावर सुरू होणार होते. मध्ये बारा-तेरा दिवसांची तफावत होती. देव डोंगरात असतानाचे दिवस त्यांच्या लेखी मोजायचे नव्हतेच, कारण त्या दिवसांत बोलताच येत नाही. ज्या दिवशी तोंड उघडता येत नाही तो दिवस बोलण्याच्या मुदतीत कसा धरायचा? त्यांचा हिशेब सरळ होता. रज्जाकभाई घाटात अंधार नको म्हणून हॉर्न वाजवत होता. माझा तळहात चुरचुरत होता, गार वारा सुटला होता आणि घरी जाऊन मला पोळ्या करायच्या होत्या. मी "हं" म्हणाले. साहेबांना सांगू, ते बघतील, असं मनात म्हटलं.

जीपमध्ये साहेबांना झोप लागली होती.

प्राचीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला एवढंच विचारलं, "ही मुदत कधीपासून मोजायची?"

"सूचना प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून. लिहिलंय ना, काकू."

"ती कधीपासून मोजायची हे त्या त्या गावाला विचारून ठरवावं, असं सुचवता येईल का?"

ती हसली. आईला मोबाईल शिकवताना मुलं हसतात तसं. "काकू, असं कायद्यात बसत नाही हो." मग म्हणाली, "पण लिहिते मी. सूचना म्हणून लिहायला काय जातं?" मी तिला चहा टाकला. तिच्या वयात मीही असंच म्हणाले असते, आणि ते लिहिलंही असतं. लिहिण्यात मी कधी मागे नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मजकूर सांगितला, मी टंकला. 'उपस्थितांशी सविस्तर चर्चा झाली. उपस्थितांनी हरकत नोंदवली नाही.' मी म्हटलं, "साहेब, ते म्हणाले होते की मग बोलू." साहेब म्हणाले, "बोलतील की. तीस दिवस कोणी अडवलंय?" मी म्हणायला हवं होतं की त्यांचे तीस दिवस अजून सुरूच झालेले नाहीत. मी कार्बन बदलला. खिडकीतून समोरच्या रसवंतीचं घुंगरू ऐकू येत होतं, एवढं आठवतं. तीस दिवस झाले, एकही कागद आला नाही, आणि प्रस्ताव पुढे गेला.

ते आले पौषात. दुपारी शिपाई सांगत आला, "बाई, व्हरांड्यात डोंगरातली माणसं बसलीत. तुमचं नाव घेतायत." अकरा पुरुष आणि मैनाबाई. पेठपर्यंत चालत आणि पुढे एसटीने. लहानूबाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मैनाबाई मला बघून खुशीत म्हणाली, "माझे भिंतीवर गेरूच्या चोवीस रेघा झाल्या. तीस नाय झाल्या. आमी सहा दिस आधी आलो." तिच्या चेहऱ्यावर वेळेच्या आधी येणाऱ्या माणसाची फुशारकी होती.

मी आत गेले. साहेबांना सांगितलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. "साळवेबाई, मी काय करू? प्रस्ताव गेला. मुदत संपली." मग म्हणाले, "एवढे लांबून आलेत. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. व्हरांड्यातल्या बाकावर बसून, दोन तास. पुरुष बोलले, पण खरं बोलली मैनाबाई. वैशाखात ओढा आटला की डोंगराच्या कुशीतला झरा चालतो, गाव त्यावर जगतं. कोणते कंद कुठल्या बाजूला निघतात. गुरं कुठे बसतात. पश्चिमेचा वारा डोंगर कसा अडवतो, नाहीतर नागली आडवी होते. "धरणाचा पाणी खाली जाईल, आमी वर. मग डोंगर फोडला तं आमी काय पिवायचा?" इतका स्वच्छ परिणामांचा अहवाल मी पुढच्या सगळ्या नोकरीत वाचला नाही. तज्ज्ञांचे जाडजूड अहवाल पुढे खूप आले, त्यांत नकाशे रंगीत असायचे.

ती म्हणाली, "आता वाच."

मी वाचून दाखवलं. एके ठिकाणी तिने हात वर केला. "हा काय वाचला? 'आमची तीव्र हरकत आहे.' मी असा नाय बोलले."

"मग?"

"मी बोलले, साहेबानं आमच्यासंगं डोंगरावर चढावा. झरा बघावा. देवाची जागा बघावी. मग खाली येऊन इचारावा. आमी हरकत कराया नाय आलो. आमी सांगाया आलो." मी ते वाक्य खोडलं आणि तिचं घातलं. ती समाधानाने बसली. मग लहानूबाबांनी आणि एकेकाने अंगठे उठवले. शाईचा पॅड कोरडा पडला होता, मी त्यात पाणी घातलं.

तो कागद मी आत नेला. साहेबांनी वर लिहायला सांगितलं ते मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'मुदतीनंतर प्राप्त. दप्तरी दाखल.' ज्यांना कचेरीची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते: दप्तरी दाखल म्हणजे कपाटात. तिथून कागद कुठे जात नाही.

बाहेर आले तर सगळे उभे होते. मैनाबाईने विचारलं, "पोचला ना?"

मी म्हणाले, "पोचला."

खोटं बोलण्याचं मला तेव्हा दुःख झालं का? लाज वाटली, हे नक्की. पण त्याहून जास्त दमल्यासारखं झालं. त्या आधी मी कधी न दमणारी बाई होते. पाळीवरून आलेल्या नवऱ्याचा डबा, मुलाचा अभ्यास, बस, टंकलेखन, सगळं करून रात्री वाचत बसायचे. त्या दिवसापासून एक शीण अंगात येऊन बसला. डॉक्टरांनी रक्त तपासून गोळ्या दिल्या. मी त्या घेतल्याही. वडील तेव्हा हयात होते. ते विचारायचे, "आज काय लिहिलंस?" मी म्हणायचे, काही नाही, नेहमीचंच.

पुढच्या मार्गशीर्षात मैनाबाई परत आली. एकटीच. सामंत साहेब तोवर निवृत्त झाले होते. मी तिला कँटीनमध्ये नेलं, तिने चहा बशीत ओतून प्यायला. डोंगराला सुरुंग लागले होते. देवाच्या जागेखालची बाजू गेली होती, झऱ्याला गढूळ पाणी येत होतं. या वर्षी व्रताला कमी माणसं बसली, कारण देव कुठे उतरेल ते कोणालाच ठरवता येईना. हे सगळं ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. आजारी माणसाची हकीकत सांगावी तसं सांगत होती. मी मान खाली घालून ऐकत होते आणि आता ती मला विचारेल, तू काय केलंस, याची वाट बघत होते. तिने विचारलं असतं तर मी बहुतेक सगळं सांगून टाकलं असतं. तेवढ्यासाठी तरी तिने विचारायला हवं होतं.

तिने ते विचारलं नाही. बशी पुसून ठेवली आणि म्हणाली, "मी लय इचार केला, पोरी. कागद पोचला, तो तू बोललीस. मग तिकडं कोणी बराबर वाचला नसंल. नायतं कोणी डोंगर फोडता? समद्यांना वाचता नाय येत. तू कशी वाचलीस त्या दिशी, माझा बोलना मला माझाच वाटला." मग तिने कनवटीतून एसटीचं तिकीट काढून दाखवलं, यायचं. जायचं अजून काढलं नव्हतं. "तू चल. तो मोठा साहेब ममईला बसतो ना, तिकडं मी येते तुझ्यासंगं. तू वाच, मी बसन. तुझा वाचणा ऐकला तं तो थांबवंल."

मी तिच्याकडे बघू शकले नाही. टेबलावरच्या चहाच्या डागाकडे बघत म्हणाले, "मावशी, मला रजा नाही मिळायची."

ती लगेच म्हणाली, "हां, नोकरी आहा तुझी." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून उठली.

त्या वर्षी माझी बावीस दिवसांची रजा शिल्लक होती.